पडदा का पडतो?

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे घर आता परके राहिलेले नाही. तेव्हा 'यंदा तुमच्याकडे पाहुणे कोण आले होते?' असे कोणी विचारले, तर उत्तर द्यायला मला संकोच वाटण्याचे कारण नाही. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात चांगला दीड महिना एक काळाकुट्ट पडदा मुक्कामाला होता. तो न सांगता येई, न सांगता जाई, आणि जाताना घरातल्या चारही माणसांची तोंडे आपल्यासारखी करून जाई.

प्रकरण असे झाले. पौष महिन्यात आमच्या मातोश्री न्हाणीघरात घसरून पडल्या. वय शहात्तर, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली, आणि डॉक्टरांनी 'वॉकर' नावाचा चार पायांचा घोडा हाती देऊन त्यांना घरी पाठवले. 'कोणीतरी सोबत असल्याशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही,' एवढी एकच अट घातली.

आता हे 'कोणीतरी' म्हणजे कोण? मी कॉलेजात मराठी शिकवतो. सौभाग्यवती बँकेत आहेत, आणि बँकेतल्या माणसाने मार्च महिन्यात रजा मागणे म्हणजे पुरोहिताने ऐन लग्नात रजा मागण्यासारखे. राहता राहिली आमची कन्या. हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत तिला नोकरी लागून जेमतेम आठ महिने झाले होते. तिने साहेबांपुढे भीतभीतच शब्द टाकला, आणि त्या भल्या माणसाने एप्रिलअखेरपर्यंत घरी बसून काम करण्याची परवानगी दिली. कामात खंड पडता कामा नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

अशा रीतीने आमच्या घराचा सारा डोलारा एका तेवीस वर्षांच्या मुलीच्या टेबलावर येऊन उभा राहिला. टेबल आईच्या खोलीच्या दाराशीच मांडले. म्हणजे आजीने 'अगं ए' म्हटले की नातीने उठायचे, तिला उठवायचे, फिरवायचे, औषध द्यायचे, आणि पुन्हा येऊन कामाला लागायचे. दोन्हीही कामे पोरगी हसतमुखाने करीत होती.

तिच्या कामात दोन लांबलचक तक्ते शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहावे लागतात. लॅपटॉपचा पडदा चौदा इंचांचा. त्यावर दोन तक्ते म्हणजे एका पाटावर दोन जावई बसवण्यापैकी. म्हणून सत्तावीस इंचांचा एक मॉनिटर आम्ही विकत घेतला. लॅपटॉप आणि त्याला जोडायचे 'डॉकिंग स्टेशन' कंपनीने दिले. वायर तेवढी मी आणली. हे शेवटचे वाक्य वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावे.

डॉकिंग स्टेशन म्हणजे काय, हे मलाही तोवर ठाऊक नव्हते. कन्या म्हणाली, "बाबा, डॉक म्हणजे गोदी. बोट कशी गोदीला लागते, तसा लॅपटॉप या डबीला लावायचा. एकाच वायरीतून त्याला वीज मिळते, आणि त्याच वायरीतून मॉनिटर, कीबोर्ड, माउस, इंटरनेट सगळे जोडले जाते." हे ऐकताच आतल्या खोलीतून मातोश्री म्हणाल्या, "गोदी? नको गं बाई, स्फोट होतो तिथे!" आईचे वडील मुंबईला नोकरीला होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीचा स्फोट झाला, तेव्हा आईचा जन्मही झालेला नव्हता. पण ती हकिकत ऐकतच ती वाढली. आम्ही हसलो. इतके हसायला नको होते.

पहिला पडदा फाल्गुनातल्या एका सोमवारी सकाळी पडला. मॉनिटर चालू, दिवा लागलेला, पण पडद्यावर 'नो सिग्नल' एवढीच अक्षरे, आणि तीही थोड्या वेळाने गुप्त. कन्येने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. मी मॉनिटरच्या पाठीवर दोन थापा मारल्या. आमच्या लहानपणी टीव्हीला हा उपाय लागू पडत असे. सौ. बँकेत जाता जाता म्हणाल्या, "अहो, मारता काय त्याला? त्याचा काय दोष?" पुढे घडलेले सर्व पाहता, या प्रकरणातले ते एकच शहाणपणाचे वाक्य होते, असे आता म्हणावे लागेल.

अखेर दुसऱ्या मजल्यावरच्या टेलिफोनकाकांना बोलावले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात तारांत गेली. त्यामुळे कोणतीही वायर पाहिली की त्यांच्या चेहऱ्यावर नातवंड भेटल्याचा आनंद दिसतो. त्यांनी मॉनिटरच्या खालची एक बारीक कळ दाबली, आणि पडदा लख्ख उजळला. मॉनिटरला मागच्या बाजूने तीन तोंडे असतात, आणि कोणत्या तोंडाने जेवायचे हे त्याला सांगावे लागते. वायर 'एचडीएमआय'च्या तोंडात होती आणि मॉनिटर 'डिस्प्लेपोर्ट'च्या तोंडाशी घास कधी येतो याची वाट पाहत बसला होता. धूळ पुसताना कोणाचा तरी हात त्या कळीवर पडला असणार. धूळ मीच पुसली होती; पण ते मी त्या वेळी बोललो नाही.

दुसरा पडदा चार दिवसांनी पडला. या वेळी कळ जागच्या जागी होती. काकांनी लॅपटॉप आणि गोदी यांच्यामधली वायर हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि विचारले, "ही मूळचीच का?" शोध घेता असे निघाले, की रात्री आईचा मोबाईल चार्ज करण्यासाठी मी गोदीची वायर काढली होती आणि सकाळी तिच्या जागी मोबाईलची वायर लावली होती. दोन्हींची टोके अगदी एकसारखी. या टोकाला 'यूएसबी-सी' म्हणतात. ते २०१४ साली ठरले, आणि त्या इवल्याशा तोंडात चोवीस पिना असतात. परंतु तोंड सारखे म्हणून गुण सारखे नव्हेत. काही वायरी फक्त वीज आणि थोडीफार माहिती नेतात. चित्र नेणाऱ्या तारा त्यांच्या पोटात मुळी नसतातच. लॅपटॉपच्या बाजूलाही तीच गत: असे भोक आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच, असे नाही. भोकाशेजारी विजेची खूण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर बहुधा येते. मी वर्गात मुलांना सांगतो, की 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारला द्यायचा तोही. रूप एक, अर्थ दोन. वर्गात सांगतो ते घरात आठवत नाही, हा शिक्षकी पेशाचा जुनाच रोग आहे.

इथपर्यंत सारे गमतीचे होते. खरा पडदा त्यापुढचा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मॉनिटर मधूनच काळा होऊ लागला. चार-पाच सेकंद अंधार, मग पुन्हा उजेड. कधी उजेड येईच ना. आणि मोठ्या पडद्यावर मांडलेले तक्ते भराभरा लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर येऊन एकावर एक कोसळत. परदेशातल्या ग्राहकांशी बैठक चालू असताना एकदा असे झाले, आणि पोरगी तीन मिनिटे नुसती 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिली. दुसऱ्यांदा झाले तेव्हा साहेबांचा फोन आला. माणूस रागावला नाही, पण म्हणाला, "घरी व्यवस्था लागत नसेल, तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसलाच येत जा. मलाही वर उत्तर द्यावे लागते." त्या रात्री आमच्याकडे कोणी फारसे बोलले नाही. आईच्या खोलीचे दार उघडेच होते, याचे भान आम्हांला राहिले नाही.

दुसऱ्या दिवशीपासून उपायांचा पाऊस पडला. सल्ला द्यायला आपल्याकडे पैसे पडत नाहीत. कोणी म्हणाले मॉनिटर बदला, कोणी म्हणाले व्होल्टेज पाहा, कोणी म्हणाले विंडोज नव्याने घाला. मी एकाच संध्याकाळी सारे करून पाहिले: प्लग बदलला, वायर उलटी केली, गोदी दुसऱ्या बाजूला ठेवली आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. पडदा उजळला. काका येऊन पाहतात तो मी विजयी मुद्रेने उभा.

"कशाने झाले?" काकांनी विचारले.

"कशाने तरी झाले!"

"म्हणजे उद्या जाईल," काका म्हणाले. आणि गेलाच.

मग काकांनी मला समोर बसवले. "प्रोफेसर, तुम्ही मुलांना जुन्या कवितेचा अन्वय लावायला शिकवता ना? कसे शिकवता?"

मी म्हणालो, "आधी क्रियापद शोधायचे. मग कर्ता, मग कर्म. एकेक शब्द आपल्या जागी बसवत जायचे. सगळे शब्द एकदम हलवले तर अर्थ हाती लागत नाही."

"मग इथे सगळे शब्द एकदम का हलवलेत? एका वेळी एकच बदल करायचा. आणि काय केले, काय झाले, ते वहीत लिहायचे."

मला मोठी शरम वाटली, आणि थोडा हुरूपही आला. विषय माझ्याच प्रांतातला निघाला. लॅपटॉप हा कर्ता, कारण चित्र तो काढतो. मॉनिटर हे कर्म. वायरी म्हणजे विभक्तीचे प्रत्यय. आणि गोदी? दोन वाक्यांना जोडणारे, स्वतः अर्थ नसलेले, पण चुकले तर साऱ्या वाक्याचा घोटाळा करणारे उभयान्वयी अव्यय! कॉलेजची एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर 'पडदा' असे नाव घातले.

पहिली परीक्षा: पडद्याचा हुकूम. विंडोजची कळ आणि 'पी' एकदम दाबली की चार पर्याय समोर येतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हींवर तेच चित्र, एकाला दुसरा जोडून लांब केलेला पडदा, किंवा फक्त बाहेरचा. आमचा तिसरा पर्याय निवडलेला होता. तो बरोबर होता. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि 'बी' या चार कळा एकदम दाबल्या की चित्र काढणारी यंत्रणा तेवढी नव्याने सुरू होते. उघडलेले काम तसेच राहते. अडलेला पडदा याने एकदा परत आला, पण पुढचा पडायचा थांबला नाही. नोंद केली.

दुसरी परीक्षा: गोदीला विश्रांती. मॉनिटर जोडला की तो लॅपटॉपला आपली पत्रिका दाखवतो: नाव काय, घराणे कोणते, किती ठिपके दाखवू शकतो, सेकंदाला किती वेळा. मूळ पत्रिका अवघ्या १२८ बाइटांची असते, पण ती वाचल्याशिवाय सोयरीक जमत नाही. मध्यस्थ गोदी कधीकधी अर्धवट वाचलेली पत्रिका धरून बसते. म्हणून गोदीची वीज, लॅपटॉप, मॉनिटर सारे सोडवायचे. मिनिटभर स्वस्थ बसायचे. मग आधी गोदीला वीज द्यायची आणि नंतर एकेक जोडायचे. हेही केले. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंधार.

तिसरी परीक्षा: मधला माणूस दूर करणे. एका रविवारी गोदी बाजूला ठेवली आणि मॉनिटर थेट लॅपटॉपला जोडला. मी समोर स्टूल टाकून बसलो. दोन तास झाले, तीन तास झाले, पडदा एकदाही मिटला नाही. निकाल लागला! दोष गोदीचा. सोमवारी मी रजा काढून आईजवळ बसलो, कन्या हिंजवडीला जाऊन आली, कंपनीने तत्परतेने गोदी बदलून दिली आणि तिच्या आतली आज्ञावलीही अद्ययावत करून दिली. मंगळवारी सकाळी साडेनवाला नवी गोदी लागली, आणि नऊ चाळीसला पडदा पडला.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. मी वही मिटून टाकली. काकांनी ती पुन्हा उघडली. ते म्हणाले, "न दिसलेला दोष म्हणजे नसलेला दोष नव्हे. रविवारी त्या तीन तासांत रोजचे काय घडले नाही, ते शोधा. आणि पडदा केव्हा पडतो, त्याची वेळ मांडा."

चौथी परीक्षा: चित्राचा भार. आमच्या मॉनिटरवर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे म्हणजे सेकंदाला साधारण ४९ कोटी ७६ लाख ठिपके त्या वायरीतून धावले पाहिजेत. कन्येने साठचे तीस केले. माउसचा बाण किंचित अडखळू लागला, पण पडदे निम्म्यावर आले. काका खूश झाले. "भार कमी केला की जे सुधारते, त्याचा दोष बहुधा रस्त्यात असतो," ते म्हणाले. यूएसबी-सीच्या वायरीत वेगवान असे चार पदर असतात. गोदीला चित्राबरोबर इतर माहितीही जलद न्यायची असली, की पुष्कळदा दोनच पदर चित्राच्या वाट्याला येतात. म्हणून काही जुन्या गोद्यांवर एवढे मोठे चित्र साठ वेळा येतच नाही, तीस वेळांवरच समाधान मानावे लागते. आमची गोदी मात्र साठ वेळा नेणारी होती. मग रस्ता खचला होता कुठे?

आठवडाभर कन्येने वेळा मांडल्या. ९.४०, ११.०५, १.१०, ४.००, ५.४५. मी त्या आकड्यांकडे पाहत बसलो होतो. सौ.नी पोळी लाटता लाटता वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, या तर आईंच्या औषधाच्या आणि फिरण्याच्या वेळा आहेत."

खरेच होते. आजीने हाक मारायची, नातीने उठायचे, आणि पडदा पडायचा. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. काय अर्थ लावायचा याचा? आवाजाने मॉनिटर बंद पडतो असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आम्हांला अर्थ लागला नव्हता. आईला मात्र तो आधीच लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून लवकर आलो. कन्या कानाला यंत्र लावून बैठकीत बोलत होती. आईच्या खोलीतून काहीच आवाज नव्हता, म्हणून डोकावलो, तो आई पलंगाजवळ उभी. वॉकर हाताला लागणार नाही एवढा लांब. एक हात भिंतीला, पाय थरथरत होते, आणि चेहऱ्यावर चोरी करताना सापडलेल्या मुलाचे भाव. मी धावत जाऊन धरले.

"अगं आई, हाक का नाही मारलीस?"

ती हळूच म्हणाली, "मी हाक मारली की तिचा तो पडदा जातो रे. परवा तिने वहीत लिहिताना पाहिले मी. तिच्या साहेबाचा फोनही ऐकला. माझ्यापायी पोरीची नोकरी जायला नको. एवढे चार पावलांचे तर काम."

तीन दिवसांपासून ती दुपारचे पाणी पीत नव्हती. पाणी प्यायले की उठावे लागते, म्हणून.

वाचकहो, त्या क्षणापर्यंत मी हा सारा प्रकार एका कोड्यासारखा सोडवीत होतो. हाड पुन्हा मोडले असते तर काय झाले असते, याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येण्यासारखा नव्हता. संध्याकाळी काका आले. मी म्हणालो, "काका, आज काहीही झाले तरी हे संपवायचे."

नैयायिकांचा एक जुना नियम आहे: अन्वय आणि व्यतिरेक. एक गोष्ट असली की दुसरी असते, आणि ती नसली की दुसरीही नसते, असे दोन्ही बाजूंनी दिसले, तरच पहिलीला दुसरीचे कारण म्हणावे. आम्ही आईलाच विचारले, "आई, तू नुसती हाक मार. ती उठणार नाही." आईने दहा वेळा हाक मारली, सुरुवातीला भीतभीत, मग मोठ्याने. पडदा एकदाही पडला नाही. मग कन्येला म्हटले, हाक नसताना तू नुसती उठ-बस कर. ती दहा वेळा उठली-बसली. पडदा चार वेळा पडला.

काका खाली वाकले आणि खुर्चीकडे पाहू लागले. घरून काम करायचे म्हणून आणलेली ती चाकांची खुर्ची; दांडी ओढली की वर-खाली होणारी. तिच्या पोटात दाबलेल्या वायूचे नळकांडे असते. माणूस उठला की बैठक किंचित उसळते, आणि त्या हालचालीत क्षणभर विजेचा एक बारीकसा झटका हवेत सुटतो. आपल्याला तो कळतही नाही. पण जवळून जाणाऱ्या कच्च्या वायरीला तो कळतो, आणि चित्राचा ताल चुकतो. हे मी पदरचे सांगत नाही. गोद्यांतून चित्र नेण्याची यंत्रणा बनवणाऱ्या 'डिस्प्लेलिंक' कंपनीने, अशा खुर्च्यांवर माणसे उठली-बसली की पडदे मिटतात हे आपल्या ग्राहकांसाठी लिहून ठेवले आहे, आणि वायर बदलून पाहण्याचा उपायही सांगितला आहे. कन्येने ते तिथल्या तिथे शोधून मोठ्याने वाचून दाखवले.

आता व्यतिरेक. चाकांची खुर्ची बाहेर नेली आणि आमच्या वडिलांची लाकडी खुर्ची ठेवली. दहा वेळा उठ-बस, पडदा शाबूत. रविवारी मी स्टुलावर बसलो होतो, म्हणूनच तो पडला नव्हता! पुन्हा चाकांची खुर्ची. आठव्या वेळेपर्यंत तीनदा अंधार. मग काकांनी घरून आपली दीड मीटरची, जाड, जाळीचे वेष्टन असलेली वायर आणली. तिच्या दोन्ही टोकांजवळ उंबराएवढ्या गाठी होत्या. त्या गाठीत फेराइटचे कडे असते. वायरीवर चढू पाहणारा असला परका गोंगाट ते अडवते. मॉनिटर आणि गोदी यांच्यामध्ये ती लावली, खुर्ची तीच ठेवली. दहा वेळा उठ-बस केली. मग आणखी दहा वेळा. पडदा जागचा हलला नाही. साठाचे तीस केलेले पुन्हा साठ केले. तरी हलला नाही.

म्हणजे एकट्या खुर्चीचा दोष नव्हता. दोष जुन्या वायरीचा होता. आम्ही ती ओढून बाहेर काढली. पाच मीटर लांब, हाताला पातळ, टेबलाखाली वेटोळे घालून थेट खुर्चीच्या पायांशी पडलेली. टेबलावरून टेबलावर जायला पाच मीटर वायर कशाला लागते?

"ही आणली कोणी?" काकांनी विचारले.

या प्रश्नाचे व्याकरणशुद्ध उत्तर प्रथमपुरुषी एकवचनी आहे. दुकानात दीड मीटरची चांगली वायर महाग होती आणि ही पाच मीटरची स्वस्त. धोतरजोडी घ्यावी तशी मी वारावर घेतली, वर वीस रुपये सोडवून घेतले, आणि घरी येऊन त्या व्यवहाराची बढाईही मारली. दीड महिना मी कर्ता शोधत होतो. तो माझ्याच खिशातल्या पावतीत होता.

दुसऱ्याच दिवशी तपकीर गल्लीत जाऊन तशीच आखूड वायर आणली आणि काकांची त्यांना परत केली. दुकानदाराने किंमत सांगितली ती मी मुकाट्याने दिली. सौ.ना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आता कोणाच्या घरी असा पाहुणा आला, तर आमच्यासारखी फरफट होऊ नये म्हणून क्रम सांगून ठेवतो. आधी मॉनिटर कोणत्या तोंडाशी वाट पाहतो आहे ते पाहा. मग पडद्याचा हुकूम पाहा. मग सारे सोडवून, मिनिटभर थांबून, एकेक जोडा. मग गोदी वगळून थेट जोडून पाहा, पण रोजच्याच खुर्चीत, रोजचेच काम करीत. वायर बदलून पाहा. ती आखूड आणि चांगल्या जातीची घ्या. काही गोद्यांना लॅपटॉपमध्ये स्वतःचा वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो. तो नसेल तर बाकी सारे ठीक असूनही चित्र येत नाही. गोदीला तिचाच वीजपुरवठा द्या. एका वेळी एकच बदल करा आणि वेळ लिहून ठेवा. आणि मॉनिटर बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करा. दुकानदार तो सर्वांत आधी सुचवील.

हे झाले यंत्राचे. पण माझ्या वहीत एक नोंद राहून गेली होती, ती इथे करतो. आम्ही तिघे पडद्याच्या वेळा मांडत होतो, आणि त्याच वेळांवर घरातले एक माणूस हळूहळू हाक मारायचे बंद झाले होते. ती वेळ कोणी मांडली नाही.

त्या संध्याकाळी सारे आवरल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो आणि तिला खुर्चीचे, वायरीचे, वीस रुपयांचे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्या हाकेने जात नव्हता?"

"नव्हता."

"नक्की ना? का मला बरे वाटावे म्हणून सांगतोस?"

मी कन्येला आपल्या खुर्चीत बसवले आणि दार सताड उघडून आईला म्हणालो, "मार हाक." आईने हाक मारली. पोरगी ताडकन उठली. खुर्ची उसळली. आम्ही सगळे श्वास रोखून मॉनिटरकडे पाहत राहिलो. पडदा लख्ख उजळलेला होता.

"मग आता पाणी आण," आई नातीला म्हणाली, "तांब्या भरून आण."